वहीतले आकडे

“वाच,” आई म्हणाली आणि तिने वही माझ्या मांडीवर टाकली. “मला नीट दिसत न्हाय म्हणून सांगत्ये. आकडंच हायत न्हवं?”

आकडेच होते. आप्पांच्या अक्षरात तारीख, वेळ आणि पुढे दोन रकाने. ४२, ५८. ४२, ६१. ४३, ६४. पानामागून पान.

“ओपन आन् क्लोज,” आई म्हणाली. “मटका खेळत हुता तुझा बा.”

मी सहा वर्षांची असताना आईच्या कानातली फुलं मटक्यात गेली होती. तेव्हा आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पुढची अठ्ठावीस वर्षं त्यांनी निपाणीच्या तंबाखू वखारीत दिवाणजी म्हणून काढली आणि आईने त्या शपथेवर संसार केला. आता त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते.

“उद्या बाराव्याला फोटोला हार तू घाल. मी घालणार न्हाय.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोकांस्नी ह्यो फोटो रोज बघायचा न्हाय. मला बघायचाय.”

मलाही एक गोष्ट खटकत होती. आप्पांचे मित्र भरमूकाका त्या अकरा दिवसांत तीनदा आले होते. दर वेळी त्यांची नजर कम्प्युटरच्या टेबलाकडे जाई. “मारुतरावची एक वही हुती,” जाताना ते हळूच म्हणत. “सापडली तर उघडू नगंस, पोरी. मला आणून दे.” भरमूकाकांचं स्टँडजवळ कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पण तरुणपणी ते मटक्याच्या चिठ्ठ्या लिहीत, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गेलं वर्षभर आप्पांचा शनिवार त्याच दुकानात जात होता.

वही पिशवीत घालून मी दुकानात गेले.

“कुठला आकडा लावत होते आप्पा?”

भरमूकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. “काय म्हणालीस?”

“तुम्ही चिठ्ठ्या लिहायचात. मला ठाऊक आहे.”

“तीस वर्सं झाली गं त्याला. पोलिसांनी माफ केलं, तुज्या आईनं अजून न्हाय.” ते हसले, पण वही पाहिल्यावर हसू थांबलं. त्यांनी ती घेतली, मागची पानं अंगठ्याने दाबून धरली आणि फक्त पहिली उघडली. “ह्यो मटका न्हवं. ताप हाय.”

“कुणाचा?”

“तुज्या कम्प्युटरचा.”

तो मी डिप्लोमाला असतानाचा. बेंगळूरला नोकरी लागल्यावर मी तो इथेच ठेवला. फोनच्या पडद्यावर आईला माझा चेहरा दिसत नसे, म्हणून दर रविवारी चार वाजता मी त्या मोठ्या पडद्यावर दिसायचं, असं ठरलं होतं. शब्द मीच दिला होता.

“तुजं चित्र अडकायचं,” काका म्हणाले. “तोंड उघडं, आवाज फुडं. वहिनी म्हणायच्या, पोरगी वाळलीया. मारुतराव म्हणाला, प्रोसेसरचा वेग वाढवू. म्हटलं, जुना हाय, जळंल. तर मलाच शिकवाय लागला. म्हणाला, वखारीत तंबाखूची थप्पी सांभाळलीया मी. आत हात घालून ऊब बघायची, लई तापली की उलथायची. तसंच ह्ये.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी पंख्यात साचलेली तंबाखूची धूळ झाडली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट काढून नवी लावली. मग वेग एकेक पायरी चढवला. दर पायरीला मशीन तासभर राबवायचं आणि दर दहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा लिहायचा. पहिला रकाना मशीन रिकामं असतानाचा, दुसरा कामात असतानाचा. सत्तर ओलांडले की एक पायरी खाली.

“व्होल्टेजला हात लावायचा न्हाय, ही माजी अट. पाळली बिचाऱ्यानं.”

“मग वही उघडू नको का म्हणालात?”

ते टेबलावरचे स्क्रू डबीत भरू लागले. “मारुतराव म्हणालता, पोरीला दावू नगंस,” एवढंच बोलले.

आईने ऐकून घेतलं. “भरमू सांगंल त्ये खरं व्हय?”

मी तिला कम्प्युटरसमोर बसवलं. माझ्या फोनवरून त्यावर व्हिडिओ कॉल लावला आणि तिच्या मागे उभी राहून कोपऱ्यातला आकडा मोठ्याने वाचत गेले. एकेचाळीस. पन्नास. अठ्ठावन्न. त्रेसष्टला तो थांबला. वहीतही तेच होतं, त्रेसष्ट आणि चौसष्ट. पडद्यावर माझे ओठ हलत होते, कुठेही न अडकता.

आईने पडद्यावरच्या माझ्या गालाला बोट लावलं. “गुमान बसायचा हितं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, काय लपवतोय.” मग पदर डोळ्यांना लावून ती आत गेली.

मी मागची पानं उघडली. इथे दहा-दहा मिनिटांच्या नोंदी संपल्या होत्या. आठवड्याला एकच ओळ. ‘पू. बोलली. ४२, ६३. अडकली नाही.’ ‘पू.’ म्हणजे मी. अशा पाच ओळी. त्यानंतर शब्द नव्हते. चार वाजता ४१. सहा वाजता ४१. पुढच्या तारखेला तेच. त्याच्या पुढच्याही.

मी फोनमध्ये तारखा पाहिल्या. सगळे रविवार होते, मी फोन न केलेले. एकदा कंपनीची सहल, एकदा मैत्रिणीची वास्तुशांत, बाकीच्यांचं कारण मला आठवेना. मी मोजायला लागले आणि चौदावर थांबले.

“फुडं काय लिवलंय गं?” आईने आतून विचारलं.

“तेच,” मी म्हणाले. “आकडे.”

दुसऱ्या दिवशी आईने हार घातला. तिचा हात फोटोपर्यंत पुरत नव्हता, तरी तिने कुणाला मदत करू दिली नाही. पाहुणे जेवून गेले. रविवार होता. चार वाजता मी कम्प्युटर सुरू केला आणि आप्पांच्या खुर्चीवर बसले. कुणाचा फोन यायचा नव्हता. सहा वाजता वही उघडली, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं, ४१, ४१.