जादा पानं

"एवढी पानं कसली गं, ताई?" भावाने मोबाईल टेबलावरून तिच्यापुढे सरकवला. "वकिलांचं काम निम्म्यावर आलंय म्हणतेस, आणि प्रिंटरचं बिल दुप्पट! ग्रंथबिंथ छापायला काढलायस की काय?"

ताईने चष्मा लावून बिल पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. बिलात चूक नव्हती. प्रिंटर कंपनीच्या महिन्याच्या वर्गणीवर होता; ठरलेल्या पानांच्या वर जितकी पानं गेली तितके जादा पैसे, सरळ मामला. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "खराब होतात काही."

"काही? अगं, ढीगभर आहेत!"

ही ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. भावाची ताई, भावजयीची ताई, वकिलांच्या शिपायाचीही ताई, आणि कहर म्हणजे आईसुद्धा तिला ताईच म्हणायची. लग्न एकदा जमता जमता राहिलं, मग वडील गेले, मग आईने अंथरूण धरलं, आणि ताई घरातच राहून गेली. पण रिकामी नाही हं! वकिलांच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. आई पडल्यावर साहेबांनी तिला घरून काम करायची मुभा दिली. साहेब करारनामे बोलून रेकॉर्ड करून पाठवायचे. ताई कानाला हेडफोन लावून ते टाईप करायची, छापायची, आणि दुपारी शिपाई येऊन पाकीट घेऊन जायचा. आईच्या खोलीला लागून एक अडगळीची खोली होती. तिथेच तिने टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, प्रिंटर असं सगळं दाटीवाटीने बसवलं होतं. ताई तिला ऑफिस म्हणायची. दार ओढून घेतलं की ती ऑफिसला गेली.

आणि त्या दाराचा मान राखला जायचा, बरं का. आईची नजर गेली होती, पण कान तल्लख. काही हवं असलं की ती आधी विचारायची, "ताई, कामात आहेस का गं?" आतून टायपिंग ऐकू आलं की गप्प राहायची. प्रिंटर घरघरायला लागला की ओळखायची, काम उरकत आलं, आता ही बाहेर येईल. पाणी, औषध, कूस बदलणं, सगळं तोवर थांबायचं.

पुढे काम घटलं. साहेबांचं बोलणं आता यंत्रच टाईप करायचं, ताईने फक्त चुका काढायच्या. त्यात वेळ असा कितीसा जाणार? एका दुपारी आईला स्वच्छ करून, चादर बदलून, भरवून, परत स्वच्छ करून ताई ऑफिसात येऊन नुसतीच बसली. अंगात त्राण नव्हतं. तेवढ्यात हाक आली, "कामात आहेस का गं?" आणि काय मनात आलं कोण जाणे, तिने उत्तर न देता बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. पानं एकामागून एक बाहेर येऊ लागली. खाली पानाचा आकडा तेवढा, बाकी सगळी कोरी. पलीकडे आई गप्प झाली. ताईने डोळे मिटले. कुणी हाक मारत नाही, कुणाला काही नको आहे, असा वेळ तिला कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता.

मग ती सवयच लागली. तीच पानं उलटून पुन्हा ट्रेमध्ये घालायची. कागद वाया जात नाही, आकड्यापुरती शाई ती केवढीशी लागणार. फुकटचं सुख, असंच तिला वाटलं होतं. प्रिंटरची कंपनी शाई मोजत नाही, पानं मोजते, हे बिचारीच्या ध्यानातच आलं नाही.

ऑफिस पैसे भरत होतं तोवर कुणी बिल बघितलंही नाही. पण साहेबांनी कळवलं, घरून काम करणाऱ्यांनी सॉफ्टवेअरचं आणि प्रिंटिंगचं आपलं आपण बघावं. ताईकडे कार्ड कुठलं? भावाच्या कार्डावर दोन्ही सबस्क्रिप्शनं चढली. आणि आज रविवार म्हणून वेगळा राहणारा भाऊ तिच्या या खोलीत पुढ्यात येऊन बसला होता.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझ्या पगारातून ही दोन्ही वजा केली तर खिशातलेच जातायत. म्हणजे तू पैसे देऊन नोकरी करतेस."

"प्रिंटरचा लहान प्लॅन घेऊ."

"त्यात पानं आणखी कमी. आणि तुझा हात हा असा सैल!"

"मग सॉफ्टवेअर फुकटचं बघू."

"तूच म्हणालीस ना, त्यात करारनाम्याचे रकाने विस्कटतात?"

म्हणाली होती खरी. भाऊ काही दुष्ट नव्हता. त्याने पुन्हा आकडेमोड केली, कपाळ खाजवलं, मग म्हणाला, "जादा पानं सोडली ना, तर जेमतेम जमतंय. थोडंसं उरतंही. तुझं मन रमतं, ते मला कळतं गं. बोल, थांबतील ही खराब पानं?"

ताईच्या जिवात जीव आला. थांबतील म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तिने तोंड उघडलं, एवढ्यात शेजारच्या खोलीतून आई बोलली.

"अरे, तिला नको रागावूस! बिचारीला मरणाचं काम असतं. सकाळपासून ते मशीन घरघरत असतं. परवा तर घशाला कोरड पडली होती माझ्या, पण म्हटलं, नको, ताई कामात आहे."

भाऊ हसत "बरं बरं" म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. त्याने बिलाकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं. ट्रेमध्ये कागद होते. त्याने वरचं पान उचललं. खाली आकडा, वर काही नाही. दुसरं पान, तसंच.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "आई पाण्यासाठी थांबली होती?"

पाच मिनिटंच रे, असं तिला सांगायचं होतं. तू एक दिवस राहून बघ, असंही म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लाज वाटली आणि लाजेपेक्षा राग आला. पण भिंतीपलीकडे आई कान देऊन पडली होती.

"बंद करून टाक," ताई म्हणाली.

"तसं नाही गं, मी..."

"दोन्ही बंद कर. आत्ताच कर."

त्याने मोबाईलवर दोन-चार बटणं दाबली. नोकरी जायला तेवढं पुरलं. निघताना त्याने आईला पाणी पाजलं आणि ताईकडे न बघता चपला घातल्या.

संध्याकाळी तिने एकदा बटण दाबून पाहिलं. आतली शाई भरलेली होती, तरी प्रिंटर ढिम्म. वर्गणी थांबली, सेवा बंद आहे, एवढंच पडद्यावर आलं.

"ताई, आज मशीन वाजलं नाही ते?"

"संपलं काम, आई. आता घरीच."

"खरं?" आईचा चेहरा असा काही खुलला की ताईला बघवेना. "बरं झालं गं बाई! हाक मारायची चोरी झाली होती नुसती."

दुसऱ्या दिवसापासून आईने विचारणं सोडलं. नुसतं "ताई!" म्हणायची, आणि ताई जायची. ऑफिसचं दार उघडंच राहू लागलं.

कोरी पानं मात्र उपयोगी पडली. आईला भरवताना चादरीवर सांडायचं, म्हणून ताई ती तिच्या छातीवर पसरू लागली. पहिल्याच दिवशी आईने चाचपून पाहिलं, करकरीत कागद बोटांना लागला तशी ती दचकली.

"कसली पानं गं ही? तुझ्या कामाची तर नव्हेत?"

"नाही," ताई म्हणाली, आणि तिने घास पुढे केला.