आरशांवर चिकटपट्टी

चामड्याच्या पोशाखात स्वल्पविराम कसेबसे मावले, त्यांचा श्वास तेवढा बाहेर राहिला. पोशाख दंतवैद्य मित्राच्या मुलाचा होता. मुलगा व्यायाम करणारा, त्यामुळे खांद्यांपाशी चामडं रिकामं लोंबत होतं, आणि पोटापाशी मात्र चेन वर यायला तयार नव्हती. दुसरा मित्र टेलर. त्याने स्वल्पविरामांना भिंतीला टेकवलं आणि चेनशी झटापट सुरू केली.

"श्वास सोड."

"सोडला."

"अजून सोड."

"अजून सोडला तर परत घेता यायचा नाही."

"मग बोलण्यात कशाला घालवतोस?"

चेन गळ्यापर्यंत गेली. स्वल्पविरामांनी चालून पाहिलं. गुडघे वाकत नव्हते आणि प्रत्येक पावलाला जुन्या कपाटाचं दार उघडल्यासारखा आवाज येत होता.

"शोभतोय," दंतवैद्य म्हणाला. हा माणूस दात उपटतानाही रोग्याला "छान, छान" म्हणत असे, त्यामुळे त्याच्या कौतुकावर कुणी विसंबत नसे.

स्वल्पविराम हे नाव त्यानेच पाडलं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात स्वल्पविरामांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ते मोटरसायकलवरून फिरू लागले, पण फिरण्यापेक्षा थांबतच जास्त. गल्ली आली की थांबत. मांजर दिसलं की थांबत. मांजर दिसलं नाही तर ते कुठूनतरी येईल म्हणून थांबत. एकदा मागे बसलेला दंतवैद्य वैतागून उतरला आणि म्हणाला, "हा माणूस वाक्य पुरं करतच नाही रे, नुसते स्वल्पविराम टाकत जातो!" तेव्हापासून खरं नाव फक्त बँकेला आणि बायकोला ठाऊक.

अशा माणसाने शर्यतीच्या सर्किटवर यायचं काही कारण नव्हतं. कारण होता त्यांचा मेहुणा.

मोटरसायकल मुळात सासऱ्यांची. जाताना ती त्यांनी मुलाला न देता जावयाला दिली. "पोराच्या हातात ती वर्षभर टिकायची नाही. जावई चालवील तर माझ्यामागेही राहील," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. यात जावयाचं कौतुक किती आणि मुलाची खरडपट्टी किती, हे स्वल्पविरामांना अजून उलगडलेलं नव्हतं. मेहुण्याला मात्र तेव्हाच उलगडलं होतं. घरी आला की तो आधी गाडीच्या टाकीवरून हात फिरवी, मग बहिणीची चौकशी करी.

गाडी जड होती. चालताना ती शहाण्यासारखी वागे, उभी राहिली की मात्र स्वल्पविरामांच्या अंगावर रेले. फाटकाशी ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा कुंड्यांवर पडली, तेव्हा बायकोने निकाल दिला. "अहो, आता पुन्हा ही गाडी जमिनीला टेकली ना, तर माझ्या धाकट्या भावाला देऊन टाकायची. उद्या पाय मोडून घेतलात तर करायचं कुणी?"

बायको शब्दाची पक्की. एकदा तिने चहात साखर बंद करीन म्हटलं होतं, ती अजून बंद होती.

पुढच्याच आठवड्यात मेहुणा हसत आला. "भावोजी, सर्किटवर एक दिवस कुणालाही गाडी चालवू देतात. वळायला शिकवतात. डॉक्टर आणि टेलरकाकांनाही घेऊ. मी भाड्याची गाडी घेईन, तुम्ही बाबांची आणा."

"तिथे पडलो तर?"

"तर ताईचा शब्द आहेच," मेहुणा म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे, पडायचं कशाला?"

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं तर समोरच्याला वाईट वाटेल, ही काळजी स्वल्पविरामांना जन्मभर पुरली होती. त्यांनी ग्रंथालयातून मोटरसायकल वळवण्यावरची दोन पुस्तकं आणली, पेन्सिलीने खुणा करत वाचली, आणि वळण्याबद्दल जे काही कळण्यासारखं होतं ते सगळं त्यांना कळलं. पुस्तकातल्या छपाईच्या चुकाही कळल्या.

*

सर्किटवरच्या शिक्षिका पंचविशीतल्या होत्या, नारिंगी जाकीट घातलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी सगळ्यांना चिकटपट्टीची गुंडाळी दिली. दिवे झाका, आरसे झाका.

स्वल्पविरामांनी हात वर केला. "आरसे झाकले तर मागचं दिसणार कसं?"

"मागचं बघायचंच नाही, आजोबा."

"पण मागून कुणी घाईत असला तर?"

"त्याला डोळे आहेत. पुढे जायचं तर वाट त्याने शोधायची. तुम्ही तुमच्या रेषेत राहायचं. ऐनवेळी बाजूला झालात, तर मागच्याचा अंदाज चुकतो." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "रस्त्यावरचा सभ्यपणा इथे आणू नका. इथे सभ्यपणानेच माणसं पडतात."

स्वल्पविराम आरशांवर पट्टी लावत बसले, पण मनात काहीतरी अडकलं. दारात ते नेहमी मागे उभे राहत. गाडीतली खिडकीची जागा दुसऱ्याला देत. लेखकाने आपलीच चूक बरोबर आहे असं ठासून सांगितलं, की स्वतःची दुरुस्ती खोडरबराने पुसत. यालाच ते आपला चांगुलपणा समजत आले होते. आता ही पोर सांगत होती की त्यामुळे माणसं पडतात.

टेलर डोकावला. "अरे, पट्टी सरळ लाव. कापड तिरकं कापल्यासारखं दिसतंय."

पहिल्या वेळी त्यांना हळू गटात सोडलं. गट हळू असला तरी स्वल्पविरामांच्या मानाने तो वादळी होता. पहिलं वळण आलं, मागून इंजिनाचा आवाज आला, आणि त्यांच्या हाताने आयुष्यभराची सवय दाखवली. डावा हात हँडलवरून सुटला, बाहेर आला आणि 'या, या, तुम्ही व्हा पुढे' असा हलला. त्याबरोबर ते स्वतः कडेला सरकले. मागचे दोघे नेमके त्याच कडेने निघाले होते. एकाने करकचून ब्रेक लावला, दुसरा गवतात जाऊन आला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या वळणावर तर कुणी मागे नव्हतं, तरी हात बाहेर आलाच.

शिक्षिकाबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "आजोबा, हात कुणाला दाखवत होता?"

"मागच्यांना. म्हणजे... त्यांचा खोळंबा नको."

"पुन्हा हात सोडलात तर मला तुम्हाला बाहेर बसवावं लागेल. चालेल?"

"चालेल," स्वल्पविराम म्हणाले. ते सवयीने काहीही चालवून घेत.

मेहुणा हेल्मेट काखेत मारून उभा होता. त्याच्या आवाजात अगदी माया होती. "खरंच बसा भावोजी सावलीत. दमला असाल. बाबांची गाडी मी आणतो फिरवून."

बोलणं साधं होतं, पण बोलताना मेहुण्याचा हात टाकीवर गेला होता. स्वल्पविरामांनी तो पाहिला. त्यांना राग आला. राग ही वस्तू ते क्वचितच वापरत, त्यामुळे ती नेमकी कुठे धरायची हे त्यांना कळेना. त्यांनी हेल्मेट चढवलं, मग चष्मा आत सरकवायला गेले, तर त्याची एक काडी कानाऐवजी भुवईवर बसली. राग तसाच तिरका घेऊन ते गाडीवर चढले.

"बसणार नाही," ते म्हणाले. हेल्मेटमधून ते कुणाला ऐकू गेलं नाही.

*

दुसऱ्या वेळी ते दोन्ही मुठी घट्ट आवळून निघाले. मागून आवाज आला. हाताला खाज सुटली. त्यांनी हाताला बजावलं, 'गप.' आवाज उजवीकडून पुढे गेला. कुणी पडलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. दुसरा आवाज डावीकडून गेला. तिसरा टेलर होता. जाता जाता त्याने मान हलवली आणि त्या नादात स्वतःच वळण चुकला.

स्वल्पविरामांचा वेग काही वाढला नव्हता. त्या वळणांवरून सायकलवालाही शीळ घालत पुढे गेला असता. पण ते रेषेत होते. 'मागच्याला डोळे आहेत,' ते स्वतःशी घोकत होते. इतकी वर्षं सगळ्या जगाच्या डोळ्यांची काळजी आपणच का वाहिली, असंही एकदा मनात आलं, पण तेवढ्यात वळण आल्यामुळे विचार राहून गेला.

सर्वांत लांब वळणावर मागून मेहुणा आला. त्याला भावोजी चांगले ठाऊक होते. जेवायला बसताना, दारातून जाताना, भावोजी आतली बाजू रिकामी सोडणार म्हणजे सोडणारच. त्या हिशेबाने तो आतल्या बाजूने जोरात शिरला.

आतली बाजू रिकामी नव्हती. तिथे भावोजी होते.

मेहुण्याने ब्रेक लावला, गाडी सरळ केली आणि रस्ता वळला तिकडे न वळता समोरच्या वाळूत गेला. चाकं रुतली आणि तो रोपासारखा ताठ तिथेच उभा राहिला. स्वल्पविरामांना यातलं काहीच कळलं नाही. आरसे झाकलेले होते.

गाड्या थांबण्याच्या जागी, पिटमध्ये, परतले तेव्हा दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या. "छान, छान! आज वाक्य पुरं केलंस, गड्या!"

स्वल्पविराम फुलून आले. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि विजयी वीराने करावं तसं त्यांनी दोन्ही हातांनी हेल्मेट काढायला घेतलं. टेलरने पाठीवर थाप मारली.

स्टँड लावायचा राहिला होता.

गाडी अगदी सावकाश, एखाद्या झोपाळू पाहुण्यासारखी डावीकडे कलली. स्वल्पविरामांनी पाय बाहेर टाकायचा प्रयत्न केला, पण दंतवैद्याच्या मुलाचं चामडं वाकेना. सासरे, बायको, कुंड्या, टाकीवरचा मेहुण्याचा हात, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. थाप मारणारा टेलर आणि टाळ्या वाजवणारा दंतवैद्य, दोघेही तोंड उघडं टाकून बघत राहिले.

त्याच वेळी मेहुणा वाळूतून चालत येत होता. केसांत वाळू, कानांत वाळू, आणि जिभेवर भांडण. "भावोजी, तुम्ही बाजूला का नाही—" एवढं बोलला आणि त्याला गाडी दिसली. पुढचे शब्द टाकून तो धावला आणि गाडीखाली खांदा दिला. त्याच्या कमरेतून कट् असा आवाज आला.

"पाय लावा, भावोजी, पाय!"

"पाय वाकत नाही!"

"मग उतरा!"

"उतरायलाही वाकावं लागतं!"

गाडी अर्धी कललेली, वर स्वल्पविराम, खाली मेहुणा. स्वल्पविरामांनी मान तेवढी खाली घालून मेहुण्याचा लाल झालेला चेहरा पाहिला, आणि त्यांना एकदम परिस्थिती समजली. ते हळू आवाजात म्हणाले, "सोड."

"काय?"

"सोडून दे. टेकली की तुझीच आहे. तुझ्या ताईचा शब्द आहे."

मेहुणा त्यांच्याकडे बघतच राहिला. ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आता ध्यानात आली होती. त्याची नजर टाकीवर गेली. मग दात आवळून म्हणाला, "वेड लागलंय का? बाबांची गाडी आहे ही! सोडतोय कशी!" आणि मित्रांकडे वळून ओरडला, "काका, बघताय काय? धरा की!"

चौघांनी मिळून गाडी उभी केली. स्टँड मेहुण्याने स्वतः लावला, दोनदा लाथ मारून तपासला.

स्वल्पविरामांनी खिशातून रुमाल काढून त्याच्या कानातली वाळू झटकली. मग किल्ली पुढे केली. "शेवटची खेप तू मार."

"नको. तुमची पाळी आहे."

"तुझ्या बाबांची गाडी आहे. मार."

किल्ली दिल्यावर स्वल्पविरामांना वाटलं, झालं, पुन्हा बाजूला झालो. एवढी शिकवणी घेऊन जेमतेम एकच खेप टिकलो. पण या वेळी हात कुणाला घाबरून पुढे आला नव्हता, निदान तसं त्यांना वाटलं. खात्री नव्हती. खात्री त्यांना कशाचीच नसे.

मेहुणा निघाला. भाड्याच्या गाडीवर वाऱ्यासारखा जाणारा हा माणूस बापाच्या गाडीवर बसला आणि त्याचे खांदे वर आले, कोपरं बाहेर आली. थेट सासरे दिसायला लागले. वळण आलं की तो जवळजवळ थांबत होता. एकामागून एक सगळे त्याला मागे टाकून गेले.

शिक्षिकाबाई कठड्याशी आल्या. "आजोबा, हे तर तुमच्यापेक्षाही हळू."

स्वल्पविरामांचं लक्ष नव्हतं. मागून चार गाड्या एकदम येताना दिसल्या होत्या. ते कठड्यावरून दोन्ही हात हलवत ओरडत होते, "अरे, मागून येतायत! बाजूला हो! बाजूला हो रे!"

"काय सांगितलं होतं मी?" बाई म्हणाल्या.

"ते मला," स्वल्पविराम म्हणाले. "त्याला नाही."

*

टेलरच्या टेम्पोतून गाडी घरी आली. पोशाखाची चेन काही केल्या खाली उतरेना. टेलर कापायला निघाला होता, दंतवैद्याने मुलाची शपथ घातली. म्हणून स्वल्पविराम पोशाखासकटच फाटकाशी उतरले. मेहुणा मागोमाग, एक हात कमरेवर.

बायको फाटकात उभी होती. तिने नवऱ्याला विचारलंच नाही. भावाला विचारलं, "टेकली का रे?"

मेहुण्याने टाकीवरून हात फिरवला. "नाही, ताई."

"हे पडले?"

"नाही."

"तू?"

"मी वाळूत गेलो होतो. पण उभ्यानेच."

बायकोने एकाची ताठ टांग पाहिली, दुसऱ्याची वाकडी कंबर पाहिली, आणि दोघांवरही विश्वास न ठेवता सोडून दिलं. "मग गाडी राहू दे इथेच. चला, पाणी तापवते शेकायला."

"रविवारी येईन म्हणतो," मेहुणा किल्ली परत देत हळूच म्हणाला. "एक चक्कर मारायला."

"ये," स्वल्पविराम म्हणाले. "पण हळू."

बोलत बोलत दोघे दाराशी पोहोचले. भावोजी थांबणार, या सवयीने मेहुणा सरळ आत शिरला. स्वल्पविराम आज काहीतरी शिकून आले होते. ते आपली रेषा सोडेनात. एकाचे चामड्याचे खांदे, दुसऱ्याची धरलेली कंबर, दोघेही चौकटीत गच्च बसले.

मागून बायको म्हणाली, "अहो, कुणीतरी एक जण व्हा की बाजूला!"

अर्थातच, स्वल्पविराम झाले.