पुठ्ठ्यावरची देवी

शुक्रवार पेठेतल्या त्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर चैत्राचं ऊन रस्ता भाजून काढत होतं आणि आत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटली होती. नातेपुत्याचे शेतकरी होते, होटगीचे रेल्वेवाले होते, पेठेतल्या बायका होत्या, पहिल्या रांगेत चौकीचा फौजदारही होता. आणि एवढ्या माणसांत चकार शब्द नव्हता. सोलापूरकर गप्प बसला म्हणजे काहीतरी भलतंच चाललंय, हे दाक्षायणीला पक्कं ठाऊक होतं.

तिला दिसत नव्हतं. पाचव्या वर्षी डोळे गेले. मग अंधशाळेत ब्रेल शिकली, गाणं शिकली, आणि आता पेठेच्या टोकाला एका खोलीत आंधळ्या मुलांना पेटी शिकवायची. शेजारी तिप्पण्णा बसला होता. चादरीच्या मागावर नक्षी उतरवायला जे भोकांचे पुठ्ठे लागतात, त्यांना भोकं पाडायचं काम हा कारखान्यात करायचा. समोर जे घडत होतं ते तो तिच्या कानात सांगत होता.

"पोरीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. आता म्हाराज तिच्या कानात कापूस कोंबायलेत."

पोरगी म्हणजे सिद्धम्मा. पौषापर्यंत दाक्षायणीची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. महाराज म्हणजे नादसिद्ध महाराज. ते कुठून आले हे कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

"डोळे बंद, कान बंद," महाराजांचा तुपाळ आवाज आला. "आता विचारा तुमच्या सायन्सला, हिला कोण सांगतं? वायर न्हाई, टेलिफोन न्हाई. आईसाहेबांचा डायरेक्ट ट्रंककॉल हाय. पण ज्याच्या मनात शंका, त्याची लाईन एंगेज. शंका बाहेर चपलांपाशी ठेवायची आणि मग आत यायचं. चला, ताट फिरवा. माझा माणूस ताटाला बोट लावणार न्हाई. तुमीच द्या, तुमीच घ्या."

दाराजवळून नारळाचं ताट निघालं. हातोहात पुढे सरकत ते सिद्धम्माच्या मांडीपाशी टेकलं. सिद्धम्मा पेटी वाजवू लागली. थोड्या वेळाने सूर खाली बसला, अगदी विझायला आला, आणि पुन्हा भरला. मग सिद्धम्मा बोलली. आवाज तिचाच होता, पण त्यातला जीव कुणीतरी काढून घेतल्यासारखा वाटत होता.

"नातेपुत्याचे आबासाहेब. थोरला मुलगा भांडून घर सोडून गेलाय. त्याची आई अंथरुणाला खिळलीय."

पुढे बसलेला एक दांडगा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "व्हय की. हिला कसं कळलं? हितं तर मी तोंडबी उघडलं न्हाई."

सगळा दिवाणखाना देवीच्या नावाने वाकला. दाक्षायणीच्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता. पेटी वाजवताना उजवा हात स्वरांवर असतो आणि डावा भात्यावर. देवी बोलायच्या आधी दर खेपेला सूर मरत होता, म्हणजे पोरीचा डावा हात भात्यावरून निघत होता. तो कुठे जात होता हे दाक्षायणीला शंभर टक्के माहीत होतं, कारण ती सवय तिनेच लावली होती. भाता भरून घ्यायचा, सूर धरून ठेवायचा, आणि तेवढ्यात डाव्या बोटांनी पुढची ओळ वाचून घ्यायची.

ब्रेलमध्ये मराठी गाण्यांची पुस्तकं मिळायची बोंब. कागदावर टोचून घेतलेलं हाताळून हाताळून सपाट व्हायचं. म्हणून तिप्पण्णाने कारखान्यातले रद्दी पुठ्ठे आणले आणि झिजलेल्या बोथट पंचाने त्यांवर ब्रेलचे ठिपके उठवून दिले. एका पुठ्ठ्यावर गाण्याच्या तीन-चार ओळी. मुलं कुणाच्या मिनतवाऱ्या न करता आपापली पेटी बसवू लागली, तेव्हा दाक्षायणीला जग जिंकल्यासारखं झालं होतं.

"तिप्पण्णा, नारळाखाली काय आहे बघ."

"काय न्हाई, मागाचा पुठ्ठा हाय. डाग पडू नये म्हणून..." तो मध्येच थांबला. "बाई, हे तर आपलंच हो."

त्याचाही दोष नव्हता. सोलापुरात असा पुठ्ठा घराघरात पडलेला असतो. बायका त्याने चूल पेटवतात, म्हातारे वारा घेतात, पिठाच्या डब्याखाली तोच असतो. सगळ्यांनी तो पाहिला होता आणि म्हणूनच कुणीही पाहिला नव्हता.

"दारात चपला कोण सांभाळतंय?"

"धुळाप्पा. पोरीचा मामा."

झालं, कोडं सुटलं. धुळाप्पा सिद्धम्माला शाळेत सोडायला यायचा आणि तास संपेपर्यंत कोपऱ्यात बसायचा. बसल्या बसल्या गडी ब्रेलची अक्षरं शिकला होता. आता तो दारात बसून गोडगोड विचारायचा, कुठून आलात, घरी काय दुखणं? माणसं चपला काढता काढता सगळं सांगायची आणि आत येऊन विसरायची. तो ते पुठ्ठ्यावर टोचून नारळाखाली सारायचा.

बैठक उठल्यावर दाक्षायणीने सिद्धम्माच्या आईला, गंगम्माला, गाठलं. सिद्धम्माचा डावा डोळा जन्मापासूनच गेलेला; उजव्यात मोतीबिंदू होता, पण त्याच्या पलीकडे उजेड शाबूत होता. दारात कोण उभं आहे हे तिला सावलीवरून कळायचं. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती.

"तारखेचं काय झालं, गंगम्मा?"

"म्हाराज न्हाई म्हणले. बाहेरचा उजेड देवीला आडवा येतो म्हणं. येत्या सोमवारी डोळ्यात तीर्थ घालून तो बंद करणार, मग आतला डोळा पुरा उघडंल."

"कसलं तीर्थ?"

"पांढरं, दुधावानी. होटगीच्या वाटंवर झाड हाय, त्याची पानं खुडून काढत्यात."

दाक्षायणीने झाड ओळखलं. रुई. लहानपणी तिचे डोळे आले होते, तेव्हा एका वैदूने घातलेला तोच चीक. ती आग, ते किंचाळणं, आईने धरून ठेवलेले हात, आणि नंतर पिकलेल्या डोळ्यांमागचा तो कधीही न उठलेला अंधार. तिने गंगम्माला सगळं सांगितलं, अगदी हात जोडून सांगितलं.

गंगम्माने हात सोडवून घेतला. "तुमाला हेवा वाटतुय, बाई. पोरगी तुमच्या म्होरं गेली म्हणून. आता देवी सांगंल तेवढंच मी ऐकणार. दुसऱ्या कुणाचं न्हाई."

तेवढ्यात मागून अत्तराचा भपका आला आणि एक जड हात दाक्षायणीच्या डोक्यावर टेकला.

"बाई, तुमच्या शाळेतली पोरं काठी टेकत एकटीच घरी जातात, नव्हं?" महाराज अगदी मायेने म्हणाले. "पेठेत उघडे आड लई हाईत. जपा हं."

हात काढल्यावरही त्याचं वजन तिला घरापर्यंत जाणवत राहिलं.

"चौकीत जाऊ," तिप्पण्णा म्हणाला.

"फौजदार पहिल्या रांगेत बसतो. नको. गंगम्मा फक्त देवीचं ऐकते ना? मग देवीलाच सांगू दे."

तिप्पण्णाला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा तो कचरला. "म्हंजे आपणबी त्याच्यावानीच करायचं?"

"हो. एकदाच. आणि झाल्या झाल्या सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. नाहीतर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय?"

त्याने पंच उचलला.

सोमवारी गर्दी दुप्पट होती. धूप इतका कोंदला होता की माणसं खोकत होती. तिप्पण्णा सांगत होता. सिद्धम्मासमोर चौरंग मांडलाय, चौरंगावर चांदीची वाटी, वाटीवर जास्वंदीचं फूल. सिद्धम्माच्या डोळ्यांना पट्टी, कानांत कापूस. आधी एक कौल, मग तीर्थ, असं महाराजांनी जाहीर केलं. दाराजवळून ताट निघालं.

ते दाक्षायणीच्या हातात आलं तेव्हा तिने नारळाखाली बोटं सरकवली. धुळाप्पाचा पुठ्ठा ओढून पदराखाली घेतला, आपला आत घातला आणि ताट पुढे दिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे वाटीकडे बघत होते.

पेटी सुरू झाली. सूर बसला. बसला तो बसलाच. भाता पुन्हा भरेना. पोरीने ओळखलं असणार; धुळाप्पाच्या खरबरीत टोचण्या कुठे आणि तिप्पण्णाचे गोल, एकसारखे ठिपके कुठे. पण ती बोलणार का? घाबरून पुठ्ठा मांडीखाली दडवला तर?

मग सिद्धम्माचा आवाज आला. या खेपेला त्यात जीव होता, आणि तो कापत होता.

"वाटीत रुईचा चीक आहे."

"बस," महाराज खालच्या आवाजात म्हणाले. पण पोरीच्या कानात त्यांनीच कोंबलेला कापूस होता.

"तो डोळ्यात गेला की डोळा जातो. उरलेला उजेड जाईल."

महाराज तिच्याकडे झेपावले. आबासाहेब मध्ये उभे राहिले. "म्हाराज, लांब व्हा. देवी बोलतीया, बोलू द्या की."

"मला डॉक्टरांकडे न्या," सिद्धम्माने शेवटची ओळ वाचली आणि गप्प झाली.

"ही आईसाहेब न्हवं," महाराजांचं तूप आता जळायला लागलं होतं. "लाईनीत कुणीतरी दुसरंच घुसलंय. व्हायब्रेशन बिघडलं. धरा पोरीला, तीर्थ घालूया, लगेच शांत हुईल."

दाक्षायणी उठली. तिप्पण्णाच्या खांद्यावर हात ठेवून ती चौरंगापर्यंत गेली. "महाराज, तीर्थच आहे ना? मग पहिला थेंब तुमच्या डोळ्यात घाला. आबासाहेब, वाटी द्या त्यांना."

आबासाहेबांनी वाटी पुढे केली. महाराज एक पाऊल मागे सरले. वाटी आणखी पुढे आली, महाराज आणखी मागे सरले. ते मागे सरणं सगळ्या दिवाणखान्याने पाहिलं. गंगम्मानेही पाहिलं. तिने लेकीला ओढून छातीशी धरलं आणि तिच्या कानातला कापूस उपसून काढला.

"देवीनंच वाचवलं," रंभाबाई नावाची एक म्हातारी ओरडली, आणि माणसं भराभरा सिद्धम्माच्या पायांवर पडू लागली.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पोरगी वाचली होती, महाराज उघडे पडले होते. पण दाक्षायणीच्या मनात आलं, आज गप्प बसले तर उद्या याच पोरीला पुन्हा चौरंगावर बसवतील, महाराज तेवढा दुसरा असेल.

"देवी नाही," ती मोठ्याने म्हणाली. "मी सांगितलं. हे पाहा."

तिने ताटातला पुठ्ठा काढून वर धरला. काय, कसं, कुणी शिकवलं, चपलांपाशी कोण बसतं, सगळं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. म्हणून तिने आबासाहेबांना सांगितलं, फक्त आपल्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी तिप्पण्णाच्या कानात सांगा. तिप्पण्णाने खिशातून पंच काढला, त्याच पुठ्ठ्याच्या कोऱ्या कडेला ठिपके उठवले आणि तो सिद्धम्माच्या हातात दिला. पोरीने बोट फिरवलं.

"गौरा म्हैस. यंदा आटली."

आबासाहेबांनी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ते मी आत्ताच ह्यांना सांगितलं. अन् पोराचंबी मी दारात सांगितलं हुतं. त्या चपलावाल्याला. माज्या ध्यानातच न्हाई."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. धुळाप्पा नव्हता. महाराजांचीही गादी रिकामी होती, मागचं दार सताड उघडं होतं. फौजदार टोपी सावरत त्या दाराने बाहेर गेला, पण घाईने नाही.

"मामा म्हणायचा, देवीच त्याच्या हातानं लिवती," सिद्धम्मा आईच्या कुशीत म्हणाली. "मला खरंच वाटायचं, अव्वा."

रंभाबाईने आता दाक्षायणीचे पाय धरले. "बाई, माज्या सुनंचं काय ते बगा की त्या पुठ्ठ्यावर."

दाक्षायणीला संताप आला आणि रडूही आलं. तिने म्हातारीला धरून उठवलं. "आजी, पुठ्ठ्यावर तेवढंच येतं, जेवढं तुम्ही दारात सांगून आलात. हा पुठ्ठा आंधळ्या मुलांनी गाणं शिकावं म्हणून केलाय, यात देवी नाही की भूत नाही. डोळे मिटा आणि बोट फिरवा, तुम्हालाही लागेल." म्हातारीचं बोट तिने ठिपक्यांवर टेकवलं. मग ती बाकीच्यांकडे वळली. "ताट तुमच्याच हातांतून पुढे गेलं. इतक्या माणसांत एकानेही नारळ उचलून खाली काय आहे ते पाहिलं नाही. कुणी चमत्कार दाखवला की आधी नारळ उचला. तो उचलू देत नसेल तर तिथून उठा. आणि लेकराच्या डोळ्यात काही घालायच्या आधी डॉक्टरला विचारा. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं."

पुठ्ठा हातोहात फिरू लागला. कुणी बोट फिरवून पाहत होतं, तर कुणी नुसताच कपाळाला लावून पुढे देत होतं. ते तिप्पण्णाने तिला सांगितलं.

गंगम्माने वाटी बाहेर नेऊन गटारात ओतली आणि लेकीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. चौघं रस्त्यावर आली. सिद्धम्मा दोन पावलं चालली आणि उजव्या डोळ्यावर हात धरून थांबली.

"बाई, ऊन लई हाय," ती म्हणाली. "डोळ्यात घुसतंय."

गंगम्माने तिच्या डोक्यावर पदर धरला. मग दाक्षायणीला हलक्या आवाजात विचारलं, "त्यो डागदर कुटं बसतो? तुमी बी चला की संगं."