उजव्या हाताचा आकडा

दवाखान्यातल्या सिस्टरचा कामाचा झपाटा असा, की बघणारा थक्क व्हावा. बीपीचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा लिहिला, चला पुढचे. बावीस वर्षांत तिने कुणाला दुसरी बाही वर करायला लावली नव्हती, आणि त्याचा तिला कोण अभिमान! तिचं टेबल भिंतीला चिकटलेलं. रबरी नळी बसलेल्या माणसाच्या डाव्या दंडापर्यंत जेमतेम पोचायची. उजवा हात घ्यायचा तर खुर्ची फिरवावी लागे. पहिल्या खेपेला दोन्ही हात मोजायचे आणि ज्याचा आकडा जास्त तोच पुढे कायम धरायचा, हे तिला तोंडपाठ होतं. शिकाऊ मुलींना ती ते दटावून शिकवायची. खुर्ची मात्र कधी फिरली नाही.

तिचा थोरला भाऊ शिंपी. दुकानाच्या सुट्टीला, दर सोमवारी, तो बीपी मोजायला यायचा.

"चिमे, आज उजवा घे की. डावा बिचारा कंटाळला."

"गप बस, दादा. मागे रांग बघ. माझ्याकडे डावं-उजवं नाही, सगळ्यांना सारखंच!"

यावर रांगेतली माणसंही हसायची. एकदा तो म्हणाला, "कापड धरलं की डावा हात भरून येतो गं. मुंग्या येतात."

"वय झालं. एकशे सव्वीस आहे, ठणठणीत आहेस. उठ."

चार वर्षं हे असंच चाललं. मग एके दिवशी दादाला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि रक्तदाबाची शंका घेऊन त्याला परत इकडेच पाठवलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः खुर्ची फिरवली. उजवा हात, एकशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजला, एकशे चौऱ्याऐंशी. डावा, एकशे अठ्ठावीस.

"डाव्या हाताची रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसते, म्हणून तिथे आकडा कमी येतो. खरा आकडा उजव्याचा. हा हात कुणी मोजलाच नाही?"

फाइल सिस्टरच्या हातात होती. चार वर्षांचे सोमवार, सगळे तिच्याच अक्षरात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"मीच देत नव्हतो," दादा घाईने म्हणाला. "त्या हाताला गुदगुल्या होतात मला."

"काय तरी बाई! सिस्टर, तुम्ही तरी रागवायचं होतं. तसं लिहून ठेवा."

"हो," सिस्टर म्हणाली. तो 'हो' तिच्या तोंडून इतका सहज निघाला, की तिला स्वतःचीच किळस आली. तिने लिहायला घेतलं: रुग्णाने उजवा हात...

समोर दादा बाहीचं बटण लावत होता. जन्मभर लोकांची काजं केलेला माणूस स्वतःच्या बाहीचं काज बोटांनी चाचपून शोधत होता. बटण दोनदा निसटलं.

तिने पेन खाली ठेवलं. "खोटं बोलतोय तो, डॉक्टर. तो दर सोमवारी हात पुढे करायचा. मला खुर्ची फिरवायचा कंटाळा होता. मीच घेतला नाही."

दादा हळूच म्हणाला, "चिमे, कशाला सांगितलंस? तुझी नोकरी जाईल ना गं."

एवढं होऊनही त्याला तिचीच काळजी होती. तिला मान वर करवेना.