दाईची क्षमा

आमच्या दिग्दर्शकाला जुन्या नाटकांना नवे कपडे चढवायची भारी हौस. या खेपेला त्याने राजाच्या दाईचं ते शंभरदा झालेलं नाटक कापड रंगवायच्या कारखान्यात नेलं. राजा झाला मालक, दाई झाली कामगारीण आणि राजाच्या हट्टापायी लढाईत मेलेला तिचा मुलगा आता बॉयलर फुटून मेला.

दाई मी. माझा धाकटा भाऊ अगदी असाच गेला. दौऱ्यावर असताना मीच कधीतरी बोलून गेले होते, ते या गृहस्थाने उचलून थेट रंगमंचावर मांडलं. तरी मी हो म्हटलं. निदान कुणीतरी बोलतंय, असं वाटलं मला.

मग शेवटचा प्रवेश बसवायला घेतला. सगळं बदललं होतं, क्षमा तेवढी जुनीच! दाईने मालकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "जा, तुला क्षमा केली."

"सर, का म्हणून?" मी विचारलं. "त्या दाईने राजाचं मीठ खाल्लं होतं. इथे मालकाने गळका बॉयलर चालू ठेवला."

"अभिजात नाटक आहे, बाई. शब्दाला हात लावायचा नाही."

"आणि माझ्या भावाला लावलात तो?"

"तू फार मनाला लावून घेतेस," म्हणाला आणि चहा मागवला.

पहिल्या प्रयोगाला पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुणा म्हणून, भाऊ जिथे गेला त्या कारखान्याचा मालक! "चूक कामगाराचीच" म्हणून हात झटकणारा तोच. चार रांगा मागे माझी आई.

शेवटच्या प्रवेशात मी हात उचलला, पण ठेवला नाही. प्रॉम्प्टर बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, मी विसरले. "जा, तुला क्षमा केली," तो विंगेतून कुजबुजला. मग जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा तर बाल्कनीतल्यांनाही ऐकू गेलं.

"ऐकू आलं," मी म्हणाले. "पाठ आहे मला. म्हणणार नाही."

पडदा त्याच ओळीवर पडायचा होता. दिग्दर्शक विंगेत हातवारे करत होता आणि पडदेवाला दोरी धरून ठामपणे म्हणत होता, "ओळ कुठे आलीय अजून?"

पहिल्या रांगेतला पाहुणा कोट सावरत उठला.

"बसा," मागून आई म्हणाली. "संपलेलं नाही अजून."