झेंडूचा पडदा

दसऱ्याच्या सकाळी महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये दोन कपाटं शेजारी शेजारी उभी होती. डाव्यात टेलव्हिन कंपनीच्या प्रोसेसरचे सर्व्हर, उजव्यात केस्ट्रॉनचे. दोघांनी चार तास एकच गणित सोडवायचं. जो जास्त काम उरकेल, त्याला बाराशे सर्व्हरची ऑर्डर.

रूपेश केस्ट्रॉनचा इंजिनिअर. ऑर्डर हातची गेली तर महाप्याचं ऑफिस बंद आणि तू हैदराबादला, असं साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. आणि घरी, जवळच्या दिवाळे गावात, त्याची आई मालतीबाई एकटी.

"नियम ध्यानात हाय ना?" टेलव्हिनच्या विश्वजितने विचारलं. तो मूळचा साताऱ्याचा, आणि चार वर्षं प्रत्येक ऑर्डरला रूपेशला आडवा येणारा.

"मीच घातलाय नियम," रूपेश म्हणाला. "मशीन सुरू झाली की हात लावेल तो बाद. मागच्या वेळी तू मधेच मशीनच्या पंख्यांचा वेग वाढवलास. या वेळी ते चालणार नाय."

"हरलास तवा पंखे आठवले व्हय? तुमच्या चिपवर चपात्या भाजतात म्हणं."

"तुमच्या चिपवर चहा पण कोमट होत नाय. तेवढा दम तर पाहिजे."

"भांडण खाली पार्किंगमध्ये करा," चाचणी घेणारी प्रियदर्शिनी म्हणाली. ती डेटा सेंटरची माणूस. दोघांपैकी कुणाचीच नव्हती. "पूजा उरका. दहाला सुरू करते."

विश्वजितने आपल्या कपाटाला हळदकुंकवाचं बोट लावलं, वर एक फूल ठेवलं. रूपेशने मात्र पिशवीतून झेंडूचा पडदाच काढला. दाट ओवलेल्या बारा माळा, दाराएवढ्या लांब. मालतीबाईंनी पहाटेपासून बसून केलेल्या. "बाला, त्याचे मशीनीपेक्षा आपली उनी दिसाला नको," असं बजावून त्यांनी पिशवी हातात दिली होती. रूपेशने कपाटाच्या जाळीदार दारावर वरपासून खालपर्यंत माळा लावल्या. जाळी दिसेनाशी झाली.

विश्वजित जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "झकास! आईंना सांग, हार एक नंबर."

चार वर्षांत त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. रूपेशला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दहा वाजता तिघं बाहेर येऊन बसले आणि काचेपलीकडे यंत्रं घुमू लागली. मॉनिटरवर दोघांच्या वेगाच्या दोन रेषा. अर्धा तास केस्ट्रॉनची आठ टक्के वर होती. मग ती वाकली. पावणेअकराला बरोबरीत, बाराला पंधरा टक्के खाली. रूपेशने प्रोग्रॅम तपासला, मेमरी तपासली. सगळं ठीक. शेवटी तापमान पाहिलं. खोलीतली हवा तेवीस अंश; त्याच्या सर्व्हरमध्ये शिरणारी एकोणचाळीस.

त्याने काचेतून पाहिलं. पंख्यांनी ओढून झेंडू जाळीला घट्ट चिकटला होता. समोरून गार हवा मिळेना, म्हणून यंत्रं मागची गरम हवाच पुन्हा आत ओढत होती. तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्याने तेच केलं होतं.

"तुला माहीत होतं," रूपेश म्हणाला.

"मग? मी काय तुझा मास्तर हाय का?" विश्वजित हसला. "आणि आता हात लावशील तर बाद. नियम तुझाच."

रूपेशने हिशेब केला. माळा ठेवल्या तर हार, आणि केस्ट्रॉन मंद असल्याचा अहवाल गावभर. काढल्या तर बाद. ऑर्डर दोन्हीकडून गेलेलीच.

तो काचेच्या दाराकडे गेला.

"रूपेश, हात लावलात तर बाद लिहावं लागेल मला," प्रियदर्शिनी म्हणाली.

"लिहा मॅडम. पण मशीन बंद करू नका."

त्याने माळा ओरबाडून काढल्या. पाकळ्या फरशीभर झाल्या. एकोणचाळीस, एकतीस, पंचवीस. रेषा उठली, टेलव्हिनच्या रेषेला छेदून वर गेली आणि वरच राहिली.

"बाद! बाद झाला हा!" विश्वजित ओरडला. प्रियदर्शिनी मॉनिटरकडेच बघत होती. तिने लिहिलं : केस्ट्रॉन बाद. त्याखाली वेळ, आणि माळा असतानाचं व काढल्यावरचं तापमान आणि वेग.

"ऑर्डर टेलव्हिनला," ती म्हणाली. "आलेख अहवालात जाईल. आहे तसा."

"मॅडम, त्याची काय गरज..." विश्वजित म्हणाला.

रूपेश माळा घेऊन बाहेर आला आणि त्याने त्या विश्वजितच्या गळ्यात घातल्या. फुलं अजून कोमट होती.

"हार आवडला होता ना? आईला सांगतो."