तापलेल्या व्हीसीआरची कबुली

मी एक व्हीसीआर आहे. बोलायला तोंड म्हणून कॅसेट आत घ्यायची फट तेवढी आहे, आणि तीही आता धुळीनं बुजत आली आहे. पण एक गोष्ट पोटात ठेवून मोडीत निघायची माझी तयारी नाही. माझ्या आतल्या वीतभर रबरी पट्ट्यानं एका चांगल्या नटाची कला खोटी पाडली. शिक्षा त्याला झाली आणि मी मात्र शोकेसमध्ये मानानं बसून राहिलो.

एक्क्याण्णव साली गोरक्षरावांनी मला मुंबईहून मांडीवर घेऊन नाशकात आणलं. ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होते, घर इंदिरानगरात. आल्या आल्या मला कुंकू लागलं, नारळ फुटला, शेजारपाजारचे बघायला आले. त्यांच्या आईनं, भागीबाईंनी, आठ दिवसांत माझ्यासाठी कव्हर शिवलं. जुन्या शालूचं कापड, आत कापूस, कडेला मण्यांची झालर. धूळ बसायला नको म्हणून ते कधीच काढायचं नाही, असा घरचा नियम झाला. पुढची झालर वर करायची, कॅसेट घालायची, बटण दाबायचं. माझ्या पाठीवर हवा जायला फटी होत्या, त्या त्या कापसाखाली गुदमरल्या.

मला त्रास व्हायचा का? व्हायचा. पण लाड कुणाला आवडत नाहीत? पाहुणे कव्हरवरून हात फिरवायचे तेव्हा मी आतल्या आत फुगायचो. नंतर जे झालं त्याचं मूळ या फुगण्यात आहे.

त्या काळी 'लिफ्ट बंद आहे' नावाची एक विनोदी मालिका आठ वर्षं चालली होती. एक इमारत, तिच्यातली भांडकुदळ बिऱ्हाडं आणि दर गुरुवारी नवा घोळ. प्रत्येक भागाचा शेवट मात्र एकच असायचा. सगळे दमून आपापल्या घरात जायचे, गेटवर स्टुलावर रखवालदार बहिरूमामा एकटा उरायचा. तो क्षणभर गप्प बसायचा, एक वाक्य बोलायचा आणि गेट लावायचा. त्या एका वाक्यासाठी लोक अर्धा तास थांबायचे. बहिरूमामाचं काम करणारे मोतीराम नामपूरचे, एकेकाळी तिथल्या कांदा मार्केटात मापाडी होते. त्यामुळे आपल्या नाशिक जिल्ह्याला त्यांचा भारी अभिमान.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये वाहिनीनं जाहीर केलं, आता शेवटचे तेरा भाग. आमच्या सुवर्णाताईंचं नशीब तिथं उघडलं. ताई म्हणजे गोरक्षरावांची बायको. मराठी घेऊन बीए झालेल्या, पेपरात वाचकांच्या पत्रांत नेमानं लिहिणाऱ्या. शहरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीनं त्यांना सांगितलं, तेरा भागांची तेरा परीक्षणं लिहा. चौदा वर्षं स्वयंपाकघरात गेलेल्या बाईच्या नावानं आता लेख छापून येणार होता. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा उतू घालवला.

अडचण एकच होती. गुरुवारी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर भागीबाईंची देवादिकांची मालिका असायची, आणि टीव्ही एकच. मग मी कामाला आलो. टीव्हीवर देव चालायचे आणि मी गुपचूप बहिरूमामा फितीवर उतरवून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आवरलं की ताई वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसायच्या.

आणि दुपारी मी तापायचो. मार्चचं ऊन, बंद खिडक्या आणि अंगावर ती कापसाची दुलई. वीसेक मिनिटं नीट जायची. मग आतला पट्टा मऊ पडायचा, सरकायचा, आणि फीत किंचित रेंगाळायला लागायची. फार नाही, अगदी थोडी. गडबडीच्या प्रसंगात कुणाला कळलंही नसतं. पण वीस मिनिटांनंतर पडद्यावर उरायचा कोण? एकटा बहिरूमामा, आणि त्याची ती गप्प बसण्याची जागा.

तिसऱ्या भागात इमारतीत चोर शिरतो. सगळी बिऱ्हाडं लाटणी आणि छत्र्या घेऊन जिन्यावर पहारा देतात. शेवटी बहिरूमामा म्हणतो, "चोर मघाशीच गेला." मग थांबतो. मग म्हणतो, "माणूस चांगला. जाताना गेट लावून गेला."

त्या दुपारी माझ्यामुळे तो मधला थांबा लांबला. आवाज जड झाला, हसू यायच्या जागी जांभई आली. ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि वहीत लिहिलं. रविवारी ते छापून आलं. "मोतीराम यांच्या विरामात पूर्वी जाग होती, आता झोप आहे. निदान शेवटच्या तेरा भागांत तरी हे गेट वेळेवर बंद व्हावं."

हे वाक्य गाजलं. गोरक्षरावांनी ते कंपनीच्या बसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. भाजीवाल्याकडे दोन बायकांनी ताईंना थांबवून दाद दिली. संपादकांचा फोन आला, "ताई, लेखणीला धार आहे. असंच येऊ द्या." आणि तसंच येत गेलं. चौथ्या आठवड्यात, पाचव्या, सहाव्या. मोतीरामांना टोचलं की परीक्षण रंगतं, हे ताईंच्या लक्षात आलं होतं.

मी सगळं ओळखून होतो. एकदा फीत चावून टाकायची, एकदा मुद्दाम बंद पडायचं, इतकंच करायला हवं होतं. पण बंद पडलेल्या यंत्राला शोकेसमध्ये कोण ठेवतं? मी चालत राहिलो.

सातव्या भागात मोतीराम घाईघाईत बोलले. थांबलेच नाहीत. ताईंनी लिहिलं, "टीकेची दखल घेतलेली दिसते." नवव्या भागात ते नव्हतेच. गेटवर कुणी नाही, नुसतं संगीत. ताईंनी लिहिलं, "शेवट आटोपशीर झाला."

मेच्या मध्यावर दहावा भाग बघताना मी खरोखरच बंद पडलो. ताईंनी मला कव्हरासकट पिशवीत घालून मेन रोडवर जयरामभाऊंच्या दुकानात नेलं. जयरामभाऊंनी मला उघडलं, पट्टा चिमटीत धरून उजेडात बघितला आणि हसले.

"ताई, हा पट्टा हाय का चुइंगम?"

"म्हणजे?"

"तापला की सरकतो हा. पंधरा-वीस मिनिटं झाली की आवाज ढिला पडत असंल. तुम्हाला कळलं नाय?"

ताईंनी तो पट्टा आपल्या हातात घेतला.

"कधीपासून असेल असं?" त्यांनी विचारलं.

"दोन-चार महिने तरी. आन् ही गोधडी काढा याच्यावरची. यंत्राला थंडी वाजत नसती."

त्याच दुपारी नवा पट्टा आणि उघडं अंग घेऊन मी शोकेसमध्ये परत आलो. ताईंनी तिसरा भाग लावला. "चोर मघाशीच गेला." थांबा. "माणूस चांगला. जाताना गेट लावून गेला." ताईंना खळखळून हसू फुटलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि तशाच जमिनीवर बसून राहिल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. मला तर तोंड लपवायला कव्हरही उरलं नव्हतं.

त्यांनी संपादकांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण ताई फोन ठेवून भागीबाईंना म्हणाल्या, "आई, ते म्हणतात परीक्षण हे मत असतं, मताची दुरुस्ती छापत नाहीत. व्हीसीआर बिघडला होता म्हटलं तर हसं होईल म्हणतात."

"मग राहू दे की," भागीबाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

ताईंनी दोन आठवडे राहू दिलं. त्या लाजत होत्या हे खरं. पण गप्प बसायला कुणीतरी परवानगी दिली याचं त्यांना बरं वाटत होतं, हेही खरं. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी तर परवानगीशिवायच गप्प बसलो होतो.

पण शेवटच्या भागाच्या आधी पुरवणीनं त्यांच्याकडे पानभर लेख मागितला आणि ताईंच्या हातून एक ओळ उतरेना. बुधवारी सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं, तिसऱ्या भागाची कॅसेट घेतली आणि नामपूरच्या एसटीत बसल्या. सगळा रस्ता मी त्यांच्या मांडीवर होतो. सटाण्यानंतर त्यांनी तीनदा पदरानं तोंड पुसलं.

दार नवसाबाईंनी उघडलं. मोतीरामांच्या बायको. ताईंनी नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला, पण त्या अहिराणीत म्हणाल्या, "या, बठा. त्या घरमाच शेतस."

मोतीराम घरातच होते, ते बाहेर आले. पडद्यावर दिसतात त्याहून लहानखुरे. ताईंनी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, पट्टा, कव्हर, दुपार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "लावा बरं."

मी लागलो. आयुष्यात इतकं जपून मी कधी चाललो नाही. बहिरूमामा बोलला, थांबला, बोलला. नवसाबाई हसल्या. मोतीराम हसले नाहीत.

"परत लावा."

तीन वेळा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी त्या थांब्यात मांडीवर बोटं टेकून ठेवली. "मापाडी होतो ना," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "काटा हलायचा थांबला की मगच वजन सांगायचं. आधी सांगितलं तर गिऱ्हाईक भांडतं, उशीर केला तर पुढचा ओरडतो. तेच केलं मी आयुष्यभर."

"मी पेपरात लिहिते," ताई म्हणाल्या. "तुम्हाला परत घ्या म्हणून लिहिते."

"तेरावा भाग कधीच शूट झाला, बाई. आणि मला कुणी काढलं नाय. तुमचं वाचलं, आणि थांबायची भीती वाटायला लागली. किती थांबू, कळेचना. मग मीच हात जोडले. म्हटलं, मोकळं करा." ते माझ्याकडं बघत होते. "महिनाभर मी समाधानात होतो. वाटायचं, माणसानं वेळेवर उठावं, तसा उठलो. आता कळलं, उठायची वेळच झाली नव्हती."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ताई रडल्या. नवसाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाई, खरं सांगाले आली, हाई बी कोन करस?" पण ताईंनी मान वर केली नाही. निघताना त्यांनी मला परत पिशवीत घातलं नाही. रेकॉर्डिंगचं लाल बटण कुठलं ते नवसाबाईंना दाखवलं आणि म्हणाल्या, "हे इथंच राहू द्या. शेवटचा भाग मी शेजाऱ्यांकडे बघेन."

दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग होता. संध्याकाळी मोतीरामांच्या घरात आळीतली दहा-बारा माणसं जमली. नवसाबाईंनी लाल बटण दाबलं आणि मी भाग उतरवून घेऊ लागलो. कथा अशी होती की इमारत पडणार म्हणून सगळी बिऱ्हाडं सोडून जातात. आठ वर्षं भांडलेली माणसं गेटपाशी एकमेकांना मिठ्या मारतात. शेवटचा ट्रक जातो. मग रिकामं गेट, रिकामं स्टूल. संगीतही नव्हतं. बहुधा तिथं काय घालावं हे कुणाला सुचलंच नसावं.

खोलीत कुणी हललं नाही. मोतीराम पडद्याकडं बघत होते. त्यांनी मांडीवर बोटं टेकली. थांबले. आणि बहिरूमामाच्या आवाजात, जागच्या जागी बसून म्हणाले, "चला. आता झोपायला हरकत नाही."

अख्खी खोली हसली. म्हातारे हसले, बायका हसल्या, नवसाबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. काटा अगदी जागेवर थांबला होता. मोतीराम उठले, पुढं झाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मी त्या वेळी चालू होतो. पट्टा नवा होता, अंग गार होतं, फीत बरोबर वेगानं फिरत होती. पण माझ्या फितीवर तारेतून येतं तेवढंच उमटतं. खोलीत कोण बोललं, कोण हसलं, ते उमटत नाही. त्या कॅसेटवर आजही रिकामं स्टूल आहे आणि पुढं काही नाही.

रविवारी पेपर आला. मोतीरामांनी तो मोठ्यानं वाचला. ताईंनी लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की तिसऱ्या भागापासून मोतीराम यांच्याविषयी मी जे लिहिलं ते साफ चुकीचं होतं, आणि चूक माझी आहे. या व्हीसीआरचं नावही घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. ते वाक्य कंपनीच्या बसमध्ये कुणी वाचून दाखवलं की नाही, मला माहीत नाही. ताईंनी त्यानंतर कधी लिहिलं नाही, इतकं कानावर आलं.

आता दोन हजार नऊ साल आहे. नामपुरातही घराघरात सीडीच्या चकत्या आल्या आहेत. मी फडताळावर आहे. नवसाबाई आठवड्याला फडक्यानं पुसतात, कव्हर घालत नाहीत. उद्या-परवा भंगारवाला येईल, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

ताई, एकच मागणं आहे. त्या लेखाच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, "मालिकेचा शेवट कुणी केलाच नाही, गेट उघडंच राहिलं." पडद्यावर दिसलं तसं तुम्ही लिहिलंत, तुमची चूक नाही. पण शेवट झाला होता, ताई. वेळेवर झाला होता. मी तिथं होतो आणि मला तो धरून ठेवता आला नाही. तुम्ही पुन्हा वही काढा आणि एवढं एक परीक्षण लिहा.